धक्का बंदुकीचा आणि धक्का खांद्याचा

क्ले टार्गेटवर, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्यांवर, शॉटगन चालवणाऱ्यांच्या गप्पांत धक्क्याचा विषय हमखास निघतो. कुणी मऊ रबरी पॅड सुचवतं, कुणी जड बंदूक, कुणी हलकं काडतूस, आणि हे सगळे एकाच दुखण्यावरचे उपाय असल्यासारखे सांगितले जातात. तसे ते नाहीत. बंदूक मागे येते हा एक धक्का. तो खांद्याला, गालाला आणि मनाला जाणवतो, तो दुसरा. पहिला गणिताने काढता येतो, दुसरा माणसागणिक बदलतो.

आपल्याकडे हा फरक नीट समजावून सांगण्याची जास्तच गरज आहे. महाराष्ट्राची नेमबाजी प्रामुख्याने रायफल आणि पिस्तुलाची. एअर रायफलला धक्का जवळपास नसतोच, .२२ कॅलिबरच्या रायफलला नावापुरता. तिथून कुणी ट्रॅप किंवा स्कीटच्या, म्हणजे शॉटगनने तबकड्या फोडायच्या खेळांच्या, रेंजवर गेलं की पहिल्याच बाराला दचकतं आणि ‘आपल्याला हे झेपणार नाही’ असा निष्कर्ष काढतं. माझ्या मते बहुतेक वेळा झेपत नाही ती त्या शरीराला न बसणारी बंदूक.

आधी बंदुकीचा धक्का. छर्रे जेवढा संवेग घेऊन पुढे जातात, तेवढाच बंदुकीला मागे मिळतो. ऑलिंपिक ट्रॅप-स्कीटमध्ये काडतुसातल्या छर्ऱ्यांचं वजन जास्तीत जास्त २४ ग्रॅम ठरलेलं आहे. ते सेकंदाला ४०० मीटर वेगाने सुटले आणि बंदूक ३.६ किलोची असली, तर बंदूक सेकंदाला सुमारे २.७ मीटर वेगाने मागे येते आणि तिच्यात जवळपास १३ ज्यूल ऊर्जा असते. छर्रे आणि दारू यांच्यामधला प्लॅस्टिकचा वॅड आणि जळलेल्या दारूचा वायू यांची भर यात धरलेली नाही, त्यामुळे खरा आकडा याहून मोठाच येतो. आता त्याच बंदुकीत, त्याच वेगाचं २८ ग्रॅमचं काडतूस घाला. छर्रे वाढले फक्त चार ग्रॅम, पण धक्क्याची ऊर्जा वाढली सुमारे ३६ टक्के, कारण ती वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेगाचंही तसंच. ४०० वरून ३७० वर आलात तर ऊर्जा १४ टक्क्यांनी उतरते. बंदुकीचं वजन ३.२ किलोवरून ३.६ वर नेलं तर ऊर्जा सुमारे ११ टक्क्यांनी कमी होते.

म्हणजे छर्ऱ्यांचं वजन, त्यांचा वेग आणि बंदुकीचं वजन, मुख्यतः या तीनच गोष्टींवर हा धक्का ठरतो. पॅडने तो बदलत नाही, दस्त्याच्या, म्हणजे बंदुकीच्या खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाच्या, मापानेही नाही. सरावाला २४ ग्रॅम पुरत असताना २८ ची काडतुसं उडवण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही. अगदी नवख्याला २१ ग्रॅमची मिळाली तर फारच उत्तम, जवळची तबकडी त्यानेही छान फुटते.

आता खांद्याचा धक्का, आणि खरी गंमत इथेच आहे. तेवढीच ऊर्जा किती वेळात आणि किती जागेवर येऊन पडते, यावर ती ढकलल्यासारखी वाटेल की ठोसा मारल्यासारखी, हे ठरतं. क्रिकेटचा चेंडू झेलताना हात मागे घेतो, तेच काम रबरी पॅड करतं. गॅसवर चालणारी सेमी-ऑटोमॅटिकही तेच करते. तिच्यात एकूण संवेग तेवढाच राहतो, पण तिची यंत्रणा मागेपुढे होताना तो लांबट होऊन खांद्यापर्यंत पोचतो. ‘या बंदुकीला धक्काच नाही’ असं कुणी म्हणालं तर ते खरं नसतं, पण त्याला तसं वाटलं हे अगदी खरं असतं.

पॅडच्याही आधी पाहायचं ते दस्त्याचं माप. बंदूक कुठे लागते, तेच बहुतेकदा दोष सांगून टाकतं. गालाच्या हाडावर फटका बसत असेल तर दस्त्याची वरची कड, म्हणजे कॉम्ब, बहुधा खाली आहे. डोळा नळीवरच्या पट्टीच्या रेषेत आणायला तुम्ही गाल उचलता आणि बार उडताच कड वर येऊन आदळते. अंगठा नाकाला लागत असेल तर दस्ता आखूड. मधल्या बोटावर ट्रिगर गार्ड आपटत असेल तर पकड किंवा लांबी चुकली आहे. दस्त्याचं खालचं टोक छातीत रुतत असेल तर मागच्या कडेचा कोन, म्हणजे पिच, बघून घ्यावा लागतो. दंडावर निळा डाग उमटला तर मात्र दोष बंदुकीचा नसून ती लावण्याचा. दस्ता गळ्याच्या हाडाखालच्या खळगीत बसायला हवा, तो दंडावर सरकला आहे. हे स्कीटमध्ये जास्त होतं, कारण तिथे तबकडी दिसेपर्यंत बंदूक कमरेशी धरावी लागते आणि मग घाईत वर येते. ट्रॅपमध्ये ती आधीच खांद्याला असते.

बंदूक आणि खांदा यांत बोटभर जरी फट राहिली, तरी बंदूक आधी वेग घेते आणि मग आदळते. म्हणून वजन किंचित पुढच्या पायावर, दस्ता खांद्यात घट्ट, गाल कॉम्बला टेकलेला. एवढं जमलं तर तेच काडतूस निम्म्या जोराचं वाटू शकतं, हे मी कितीतरी नवख्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

आवाजही यात येतो. कान उघडे असले की तोच बार जास्त जोराचा वाटतो. कानात प्लग आणि वर इअरमफ घालून बघा. दचकण्याची सवय एकदा लागली की बोट ट्रिगरवर अडतं किंवा डोळा आधीच मिटतो. पात्रता फेरीत १२५ तबकड्या असतात आणि ट्रॅपमध्ये एकेकीवर दोन बार टाकता येतात, तेव्हा हे फारच महागात पडतं. अमेरिकन ट्रॅपमध्ये यावर उतारा म्हणून बोट सोडल्यावर बार उडणारा ट्रिगर वापरतात. आयएसएसएफ या नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांत त्याला मनाई आहे.

काही उपाय मात्र चुकीच्या रकान्यात टाकले जातात. नळीच्या तोंडाशी पाडलेली भोकं मुख्यतः त्या तोंडाची वरची उसळी थोडी दाबतात. स्पर्धेच्या काडतुसात वायूचा दाब तोंडापर्यंत येता येता बराच उतरलेला असतो, त्यामुळे खांद्याला त्यांचा फारसा फायदा नाही, उलट शेजारच्या नेमबाजाच्या कानाला त्रास. आणि दस्त्यात बसवायची पाऱ्याची नळी धक्का शोषून घेते असं सांगून विकतात, पण तिचा बराचसा परिणाम निव्वळ वजनाचा असतो. घेण्याआधी तिचं वजन विचारा आणि बंदुकीच्या कारागिराकडून तेवढंच शिसं दस्त्याच्या पोकळीत बसवून काही फेऱ्या खेळून बघा. मागे वजन वाढल्याने तोल बदलून नळी फिरवताना अडखळत नाही ना, हेही तेव्हाच कळेल.