ज्यू उन्हाळी शिबिरे, उत्तर अमेरिकेतील

ज्यू मुलामुलींसाठी शाळेच्या उन्हाळी सुट्टीत भरणारी निवासी शिबिरे. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथे त्यांचा विशेष प्रसार झाला. मुक्काम काही आठवड्यांचा, पूर्वी बहुधा सबंध सुट्टीचा असे. पोहणे, नौकानयन, हस्तकला, शेकोटी हा कार्यक्रम इतर अमेरिकन शिबिरांसारखाच असून कोशर (ज्यू आहारनियम पाळणारे) स्वयंपाकघर, शब्बाथचे (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र या साप्ताहिक विश्रांतिदिनाचे) पालन आणि कमीअधिक हिब्रू ही यांची खास लक्षणे होत.

उगम : पहिले ज्यू शिबिर कोणते, याविषयी एकमत नाही. काही लेखक १८९३ हे वर्ष देतात. त्या वर्षी न्यूयॉर्कमधील कामकरी ज्यू तरुणींना स्वस्तात हवापालट करता यावा म्हणून एक संस्था निघाली. मात्र तिचा लाभ घेणाऱ्या मुली प्रामुख्याने कपड्यांच्या व टोप्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या होत्या. शिबिर मुलांचेच हवे, असे काटेकोरपणे म्हटले, तर हडसन खोऱ्यात कोल्ड स्प्रिंगजवळ १९०२ च्या सुमारास सुरू झालेल्या सरप्राइज लेक शिबिराचा दावा अधिक सयुक्तिक ठरतो. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात दाटीवाटीने राहणाऱ्या स्थलांतरितांच्या मुलांना एज्युकेशनल अलायन्स ही संस्था तेथे नेत असे. पुढे विनोदी नट म्हणून गाजलेला एडी कँटर त्यांतलाच. डेट्रॉइटची फ्रेश एअर सोसायटीही १९०२ चीच. तिचे समर्थक अर्थातच पहिलेपणाचा मान तिला देतात.

या प्रारंभीच्या उपक्रमांचा हेतू आरोग्याचा व परोपकाराचा होता. क्षयाचे भय, मोकळी हवा, पोटभर अन्न आणि नवागतांच्या मुलांना अमेरिकन वळण लावणे, एवढ्यावर भर असे. धर्मशिक्षणाला फारसे स्थान नव्हते. म्हणून शैक्षणिक शिबिराचा आरंभ १९१९ पासून, म्हणजे अल्बर्ट स्कूलमन यांच्या सेजविन शिबिरापासून धरावा, असे मानणारा एक पक्ष आहे. सॅमसन बेंडर्ली यांनी १९२७ मध्ये काढलेले हिब्रूभाषी आखवा शिबिरही याच प्रवाहातले. इतिहासकार जोनाथन सारना १९४१ ते १९५२ हा काळ निर्णायक मानतात : ब्रँडाइस व मसाद (१९४१), रामा (१९४७) आणि विस्कॉन्सिनमधील ओकोनोमोवॉक येथील सुधारणावादी पंथाचे शिबिर (१९५२) याच काळातील. युरोपातील ज्यू समाजाचा संहार झाल्यावर ज्ञानपरंपरा सांभाळण्याचा भार अमेरिकेवर आला, अशी जाणीव त्यामागे होती. सारना यांचे हे मत आता बरेचसे रूढ झाले आहे. तथापि या बदलाची बीजे आधीच्या दोन दशकांत पडली होती, हे नाकारता येत नाही. अनेक विश्रामस्थाने, हॉटेले व खाजगी शिबिरे ज्यूंना प्रवेश नाकारत, म्हणून त्यांना स्वतःची शिबिरे हवी होती, ही गोष्टही विसरून चालणार नाही.

भाषा : सर्व शिबिरे हिब्रूवादी नव्हती. बॉइबेरिक व किंडरलँड (दोन्ही १९२३) यिद्दिश (पूर्व युरोपातील ज्यूंची बोली) संस्कृतीची होती; किंडरलँडचा कल उघडपणे डावा होता. याउलट श्लोमो शुलसिंगर यांच्या मसादमध्ये मैदानावरही हिब्रूच बोलण्याचा आग्रह असे आणि बेसबॉलसारख्या अस्सल अमेरिकन खेळासाठीही हिब्रू संज्ञा योजल्या गेल्या. अमेरिकेतील मसाद शिबिरे १९८१ मध्ये बंद पडली. मॅनिटोबातील त्याच नावाचे शिबिर मात्र टिकले. रामाचाही मूळ संकल्प हिब्रू माध्यमाचाच होता. तो हळूहळू सैल होत गेला आणि इंग्रजी वाक्यात हिब्रू नामे पेरण्याची रीत पडली : हदर ओखेल (भोजनगृह), अगम (तळे), मद्रिख (मार्गदर्शक), खुग (छंदवर्ग). सारा ब्यूनिन बेनॉर, जोनाथन क्रासनर व शॅरन अव्नी या अभ्यासकांनी या मिश्रणाचा तपशीलवार अभ्यास केला आहे. मुलांना यातून बोलता येण्याइतके हिब्रू येत नाही, ही जुनी तक्रार. पण भाषेशी नाते जोडणे हेच बहुतेक शिबिरांचे उद्दिष्ट असल्याने ती तक्रार काहीशी गैरलागू वाटते.

आठवडा व उत्सव : शुक्रवारी दुपारी खोल्या झाडून घेतल्या जातात, न्हाणीघरापुढे रांगा लागतात आणि संध्याकाळी बरीच शिबिरे पांढऱ्या कपड्यांत तळ्याकाठी प्रार्थनेस जमतात. जेवणात वेणीसारखा गुंफलेला खल्ला पाव असतो. जेवणानंतरची आभारप्रार्थना ठरावीक शब्दांवर मेजे बडवत म्हटली जाते. वडीलधाऱ्यांना हे रुचतेच असे नाही. शनिवारी रात्री तारे दिसल्यावर हव्दाला (शब्बाथच्या समाप्तीचा विधी) होते : अनेक वातींची पीळदार मेणबत्ती पेटते, लवंग-दालचिनीसारख्या मसाल्यांची डबी हातोहात फिरते आणि शेवटी ज्योत द्राक्षरसात विझवितात. गिटारवर म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थना शिबिरांतूनच प्रार्थनामंदिरांत शिरल्या. गायिका-गीतकार डेबी फ्रीडमन (१९५१–२०११) हिच्या चाली हे त्याचे ठळक उदाहरण होय.

ज्यू पंचांगातील मोठे सण उन्हाळ्यात जवळजवळ येतच नाहीत. त्यामुळे जेरूसलेमच्या मंदिरांच्या विध्वंसाचा शोकदिन, आव महिन्याची नवमी, हिला शिबिरांत घरच्यापेक्षा अधिक महत्त्व आले. मुले जमिनीवर बसून मंद उजेडात विलापगीते ऐकतात. याच्या अगदी उलट टोकाला मक्काबिया ही शिबिरातील सांघिक स्पर्धा : सारे शिबिर रंगांनुसार संघांत विभागते, सख्खी भावंडेही प्रतिस्पर्धी होतात आणि स्पर्धा कधी जाहीर होणार, हे गुपित ठेवतात. अनेक शिबिरांत इझ्राएलहून आलेले तरुण दूत (श्लिखीम) काम करतात.

मूल्यमापन : शिबिरात गेलेली मुले प्रौढपणी समाजजीवनात अधिक सहभागी होतात, असे पाहण्यांतून दिसते, परंतु मुळातच निष्ठावान कुटुंबे मुलांना तेथे पाठवीत असल्याने कारण कोणते व परिणाम कोणता, हे ठरविणे अवघड आहे. इतिहासकार सँड्रा फॉक्स यांनी मुलांनी नियमांना दिलेल्या बगलेकडेही लक्ष वेधले आहे. खर्च हा मोठा अडसर असून १९९८ मध्ये स्थापन झालेले फाउंडेशन फॉर ज्यूइश कँप पहिल्यांदा येणाऱ्यांना अनुदान देते. २०२० मध्ये कोविडमुळे बहुतेक निवासी शिबिरे भरली नाहीत. उत्तर अमेरिकेबाहेर हंगेरीतील सॉरवॉश येथील आंतरराष्ट्रीय शिबिर (१९९०) उल्लेखनीय आहे.