आवर्त सारणी

रासायनिक मूलद्रव्यांची अणुअंकाच्या (अणुकेंद्रातल्या धन प्रभारांच्या संख्येच्या) चढत्या क्रमाने केलेली, पण ठरावीक ठिकाणी ओळ तोडलेली मांडणी. ओळ कुठे तोडायची, यातच सारणीचे मर्म आहे. नुसता क्रम लावला असता तर ११८ नावांची लांबलचक यादी झाली असती. ओळी योग्य जागी तुटल्यामुळे सारख्या स्वभावाची मूलद्रव्ये एकाखाली एक येतात. आडव्या ओळींना आवर्त आणि उभ्या स्तंभांना गण म्हणतात. आवर्ते ७, गण १८.

गुणधर्म ठरावीक अंतराने परततात, हे आधी अणुवस्तुमानांवरून लक्षात आले. योहान डोबेरायनर यांनी १८२९ मध्ये सारख्या मूलद्रव्यांची त्रिके मांडली. लिथिअम (६.९) आणि पोटॅशिअम (३९.१) यांच्या अणुवस्तुमानांची सरासरी २३ येते, आणि सोडिअमचे अणुवस्तुमान नेमके तेवढेच आहे. जॉन न्यूलँड्स यांना दर आठव्या मूलद्रव्याशी पहिल्याचा स्वभाव परतताना दिसला, जसा सप्तक संपल्यावर पुन्हा सा लागतो. कॅल्शिअमपर्यंत हे जमले, पुढे बेसूर झाले. १८६६ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीत एकाने त्यांना, नावे वर्णानुक्रमे लावून पाहिलीत का, असा टोमणाही मारला.

रशियाचे दिमित्री मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये तेव्हा ज्ञात असलेली ६३ मूलद्रव्ये मांडली. जर्मनीत लोथार मायर यांचीही मांडणी जवळपास तशीच होती. मेंडेलीव्ह यांचे धाडस मात्र वेगळे: जिथे स्वभाव जुळेना तिथे त्यांनी रकाना रिकामा ठेवला आणि तिथे येणाऱ्या मूलद्रव्याचे गुणधर्म आधीच लिहून दिले. या अनामिकांना त्यांनी संस्कृत ‘एक’वरून नावे दिली: एका-बोरॉन, एका-ॲल्युमिनिअम, एका-सिलिकॉन. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलिअम सापडले, तेच एका-ॲल्युमिनिअम. शोधकर्ते लकॉक द ब्वाबोद्राँ यांना त्याची घनता ४.७ आली. मेंडेलीव्ह यांनी धातूचा नमुनाही न पाहता, ती ५.९ च्या आसपास हवी, असे कळवले. शुद्ध नमुना घेऊन पुन्हा मोजल्यावर ती ५.९ च निघाली. (गॅलिअम २९.८ अंश सेल्सिअसला वितळते. विदर्भातल्या उन्हाळ्यात ते कपाटातल्या कपाटात पातळ होईल.) पुढे स्कँडिअम (१८७९) आणि जर्मेनिअम (१८८६) यांनी उरलेले दोन रकाने भरले.

एक खोच राहिलीच होती. टेल्युरिअम (१२७.६) आयोडीनपेक्षा (१२६.९) जड, तरी स्वभाव पाहता त्याला आधी बसवणे भाग होते. मेंडेलीव्ह यांना वाटे, टेल्युरिअमचे वस्तुमान मोजण्यात चूक झाली असावी. चूक वजनात नव्हती, निकषात होती. १९१३ मध्ये हेन्री मोजले यांनी मूलद्रव्यांमधून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता मोजली. तिचे वर्गमूळ एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जाताना सारख्याच पायरीने वाढत होते. ही पायरी म्हणजे अणुकेंद्रातला एकेक धन प्रभार, म्हणजेच अणुअंक. टेल्युरिअम ५२, आयोडीन ५३, तिढा सुटला. दोनच वर्षांनी, वयाच्या २७व्या वर्षी, मोजले गॅलिपोलीच्या लढाईत मारले गेले.

स्वभाव का परततो, याचे उत्तर इलेक्ट्रॉनांच्या मांडणीत आहे. रासायनिक व्यवहार मुख्यतः बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन करतात आणि एका गणात त्यांची संख्या बहुधा सारखी असते. पहिल्या गणातल्या लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम यांच्याकडे असा एकच इलेक्ट्रॉन असतो. गणात खाली जावे तसा तो केंद्रापासून दूर जातो आणि सहज सुटतो. म्हणून पाण्यात टाकल्यावर पोटॅशिअम सोडिअमपेक्षा जास्त भडकते. आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना केंद्राची ओढ वाढते, अणू आकसत जातो आणि धातूपण ओसरते. टोकाला निऑन, आरगॉनसारखे राजवायू येतात, बहुधा कोणाशीही संयोग न करणारे.

आवर्तांची लांबी २, ८, ८, १८, १८, ३२, ३२ अशी वाढते. चौथ्या आवर्तात स्कँडिअम ते झिंक या १० मूलद्रव्यांचे नवे इलेक्ट्रॉन आतल्या, तिसऱ्या कवचात भरतात, म्हणून ते लांबते. लँथॅनाइड व ॲक्टिनाइड (लँथॅनम आणि ॲक्टिनिअम यांच्या पाठोपाठ येणारी मूलद्रव्ये) यांच्या दोन ओळी खाली वेगळ्या छापतात, ती केवळ कागदाच्या रुंदीची सोय. हायड्रोजनची जागा अजूनही वादाची आहे: एक इलेक्ट्रॉन म्हणून तो पहिल्या गणात बसतो, पण धातूसारखा वागत नाही.

११३, ११५, ११७ आणि ११८ या मूलद्रव्यांना २०१६ मध्ये अधिकृत नावे मिळाली आणि सातवे आवर्त पूर्ण भरले. आठव्याचे पहिले मूलद्रव्य ११९ क्रमांकाचे असेल. फ्रान्शिअमच्या खालच्या त्या रकान्याला रसायनज्ञ अजूनही जुन्या पद्धतीने एका-फ्रान्शिअम म्हणतात.