पार्श्वभूमी : अमेरिकी निवडणुकीतला ‘स्वतंत्र’ पैसा

अमेरिकी निवडणुकीतल्या पैशाचा विषय निघाला की बोट थेट 2010 च्या निकालाकडे जातं. त्या वर्षी 21 जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कंपन्या आणि कामगार संघटनांना प्रचारावर हवा तेवढा खर्च करायची मुभा दिली आणि तिथून सगळं बिघडलं, असं सांगितलं जातं. निकाल मोठा होताच. पण दाराची कडी त्याच्या 34 वर्षं आधी निघाली होती. ती काढताना वापरलेला ‘स्वतंत्र’ हा शब्द नीट समजून घेतला नाही, तर पुढचं सगळं धूसरच राहतं.

त्याआधीचं थोडक्यात. 1896 च्या अध्यक्षीय निवडणुकीत विजयी उमेदवाराच्या प्रचारप्रमुखाने बँकांवर भांडवलाच्या पाव टक्का अशी चक्क पट्टी बसवली होती. 1907 मध्ये कंपन्यांनी केंद्रीय निवडणुकीत देणग्या देण्यावर बंदी आली, आणि 1947 मध्ये कामगार संघटनांवरही ती कायमची लागू झाली. मोंटाना राज्यात तांब्याच्या खाणमालकांनी आमदारांना पैसे चारून सिनेटची जागा मिळवायचे उद्योग केले होते. म्हणून तिथल्या मतदारांनी 1912 मध्ये स्वतःच पुढाकार घेऊन राज्यापुरता कडक कायदा करून घेतला. केंद्रातले कायदे मात्र कागदावरच होते, कारण हिशेब तपासणारं स्वतंत्र खातंच नव्हतं.

वॉटरगेट, म्हणजे अध्यक्ष निक्सन यांच्या माणसांनी विरोधी पक्षाच्या कार्यालयात केलेली घरफोडी, वाचकांना ठाऊक आहे. इथे घरफोडीपेक्षा तपासात बाहेर आलेला पैसा महत्त्वाचा. दूध उत्पादकांच्या संघटनांनी अध्यक्षांच्या 1972 च्या प्रचारासाठी 20 लाख डॉलर देऊ केले होते, आणि 1971 मध्ये सरकारने दुधाचा आधारभाव वाढवला होता. दुधाच्या दराचं राजकारण आपल्याला नवं नाही, त्यामुळे तेव्हा लोक का खवळले हे वेगळं सांगायला नको. 1974 मध्ये दोन्ही पक्षांच्या मतांनी कडक कायदा झाला. एका माणसाने एका उमेदवाराला एका निवडणुकीत 1,000 डॉलरच द्यायचे. उमेदवाराने एकूण किती खर्च करायचा, यावर मर्यादा. त्याच्या स्वतःच्या पैशावरही मर्यादा. आणि कोणी तिऱ्हाइताने एखाद्या उमेदवारासाठी परस्पर खर्च केला, तर त्यालाही वर्षाला 1,000 डॉलरचंच कुंपण. देखरेखीला सहा आयुक्तांचा निवडणूक आयोग नेमायचा ठरलं.

कायद्याला आव्हान देणाऱ्यांत एक उजव्या विचारांचे सिनेटर होते आणि मोठ्या देणग्यांच्या जोरावर 1968 मध्ये युद्धविरोधी प्रचार केलेले एक उदारमतवादी माजी सिनेटरही होते. पैशाचा प्रश्न तेव्हा पक्षांच्या दोन बाजूंत वाटला गेलेला नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं.

30 जानेवारी 1976 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचे दोन तुकडे केले. देणगीवरची मर्यादा राहिली, खर्चावरची गेली. न्यायालयाचं म्हणणं असं: देणगी देणारा फक्त ‘माझा पाठिंबा आहे’ एवढंच सांगतो. खर्च करणारा मात्र बोलत असतो, आणि आजच्या जगात बोलणं लोकांपर्यंत पोचवायला पैसा लागतो. निकालाच्या एका तळटीपेत गाडीचा दाखला आहे. कितीही लांब आणि कितीही वेळा गाडी चालवा, पण पेट्रोल मात्र एकाच टाकीपुरतं मिळेल, असं सांगण्यासारखं हे आहे, असा त्याचा आशय. दुसरीकडे एका मोठ्या शहरातल्या दैनिकाचा जाहिरातीचा दर नोंदवलाय: पूर्ण पानाला 6,971.04 डॉलर, म्हणजे तिऱ्हाइताच्या वार्षिक मर्यादेच्या जवळजवळ सातपट. ही अडचण खरी होती, हे मलाही मान्य आहे. एक पूर्ण पानही घेता येऊ नये इतकी कमी मर्यादा टिकणं कठीणच होतं. पण न्यायालयाने आकडा वाढवायला वाव ठेवला नाही, मर्यादा घालण्याची कल्पनाच मोडीत काढली.

इथेच तो शब्द येतो. उमेदवाराला न विचारता, त्याच्याशी काही न ठरवता केलेला खर्च तो ‘स्वतंत्र’ खर्च. उमेदवाराच्या सल्ल्याने केला तर तोच खर्च देणगी ठरतो आणि त्याला मर्यादा लागते. या फरकामागे एक गृहीतक आहे: आधी काही ठरलेलंच नसेल, तर मोबदल्याचा सौदा होण्याची शक्यता कमी. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतली सगळी पडझड या एका गृहीतकातून झाली आहे. आपल्यासाठी दोन कोटी कोणी खर्च केले, हे न ठरवताही उमेदवाराला कळतंच, आणि कळल्यावर तो ते विसरत नाही.

शब्दाच्या कडा त्याच निकालात आणखी झिजल्या. कोणता मजकूर प्रचार मानायचा, याची खूण म्हणून न्यायालयाने ‘मत द्या’, ‘निवडून द्या’, ‘पाडा’ अशा थाटाचे मोजके शब्दप्रयोग दिले. मग ते शब्द टाळून जाहिराती निघू लागल्या. उमेदवाराचा काळाकुट्ट फोटो, त्याच्या कारभाराचे वाभाडे, आणि शेवटी ‘फोन करून त्यांना जाब विचारा’. 2002 च्या कायद्याने मतदानाआधीच्या 60 दिवसांत (पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक असेल तर 30) अशा जाहिरातींना कंपन्या आणि संघटनांचा पैसा बंद केला, आणि पक्षांच्या तिजोरीत मर्यादेविना येणारा ‘सॉफ्ट मनी’ही. 2010 च्या निकालाने जाहिरातींवरची ती बंदी उडवली.

‘स्वतंत्र’ राहणं प्रत्यक्षात कसं चालतं, ते जवळून बघण्यासारखं आहे. उमेदवाराच्या संकेतस्थळावर एका कोपऱ्यात लाल रेघांची चौकट असते. सामान्य मतदार तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. आत लिहिलेलं असतं की अमुक भागातल्या मतदारांनी अमुक गोष्ट ‘पाहायला हवी’. पाहायला हवी म्हणजे टीव्हीची जाहिरात करा. ‘येता-जाता कळायला हवी’ म्हणजे मोबाइलवर करा. बाहेरचा गट ही चौकट वाचतो आणि तशी जाहिरात काढतो. चित्रीकरणही आयतं मिळतं. उमेदवार स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर आवाजाविना दृश्यं टाकून ठेवतो: कार्यालयात हसताना, शेतकऱ्याशी हात मिळवताना, मुलांसोबत. कोणी कोणाला फोन केलेला नाही, सगळं जाहीर आहे, म्हणून कायद्याच्या लेखी हे ‘ठरवून’ केलेलं नाही. उमेदवाराकडची नोकरी सोडून बाहेरच्या गटात गेलेल्या माणसाचं बंधन 120 दिवसांचं. 2015 मध्ये एका इच्छुकाने तर महिनोन्‌महिने उमेदवारीच जाहीर केली नाही. तोवर त्याला पाठिंबा देणाऱ्या गटाकडे 10 कोटी डॉलर जमले. अर्ज भरलेला नाही, मग हा उमेदवार कुठला, असा युक्तिवाद.

मार्च 2024 मध्ये आयोगाच्या एका सल्ल्याने उरलीसुरली भिंतही खाली आणली. घरोघरी जाऊन करायच्या प्रचारात उमेदवार आणि बाहेरचे गट आता उघडपणे एकत्र बसून नियोजन करू शकतात. त्याच वर्षी एका उद्योगपतीने अध्यक्षपदाच्या एका उमेदवारासाठी 25 कोटी डॉलरहून अधिक ओतले. त्यातला मोठा भाग अटीतटीच्या राज्यांत दारं ठोठावणाऱ्यांवर गेला.

2010 कडे परत येऊ, कारण त्या निकालाबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे. श्रीमंत व्यक्तीला अमर्याद स्वतंत्र खर्च करायची मोकळीक 1976 पासूनच होती. 2010 मध्ये ती कंपन्या आणि संघटनांना मिळाली. स्वतंत्र खर्चातून भ्रष्टाचार होत नाही, भ्रष्टाचाराचा आभासही होत नाही, असं बहुमताने लिहिलं. त्या वाक्याचा आधार घेऊन दोनच महिन्यांनी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ठरवलं की फक्त स्वतंत्र खर्च करणाऱ्या गटाला कोणीही कितीही पैसे देऊ शकतो. अशा गटांना ‘सुपर पॅक’ म्हणतात, त्यांचा जन्म इथला. त्यांच्या तिजोऱ्या पुढे भरल्या त्या प्रामुख्याने मूठभर धनाढ्य व्यक्तींनी. नाव लपवायचं असेल त्यांच्यासाठी ‘समाजकल्याण’ संस्थांची वाट आहे. त्यांनी ‘केवळ’ समाजकल्याण करावं असं कायदा म्हणतो, पण 1959 च्या नियमावलीत त्याचं ‘मुख्यत्वे’ झालं, आणि त्या बदललेल्या शब्दाच्या आडून आज निनावी पैसा वाहतो. मोंटानाचा 1912 चा कायदा शंभर वर्षांचा झाला त्याच वर्षी, जून 2012 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने साधी सुनावणीही न घेता मोडला.

त्याच वर्षी जानेवारीत आणखी एका प्रकरणात न्यायालयाने खालचा निर्णय एका ओळीत कायम केला. न्यूयॉर्कमध्ये तात्पुरत्या व्हिसावर काम करणाऱ्या एका तरुण परदेशी वकिलाला स्वतःच्या पैशाने प्रचाराची पत्रकं छापून सेंट्रल पार्कमध्ये वाटायची होती. त्याला मनाई झाली. न्यू जर्सीत एच-वन-बी व्हिसावर राहणारी, नियमित कर भरणारी हजारो मराठी माणसं याच नियमात येतात: एक डॉलरही द्यायचा नाही, उमेदवारासाठी एक पत्रकही छापायचं नाही. ग्रीन कार्ड मिळालं की चालतं. परदेशी माणसाला देशाच्या कारभाराबाहेर ठेवणं समजू शकतं. पण पत्रकाचा खर्च धोकादायक आणि कंपनीचे कोट्यवधी निर्धोक, हे एकाच न्यायालयाने दोन वर्षांच्या अंतराने म्हटलं आहे.

आता पक्षीय दुहीबद्दल. 1950 मध्ये राज्यशास्त्राच्या अभ्यासकांच्या एका समितीची तक्रार उलटी होती: दोन पक्षांत पुरेसा फरकच नाही, मतदाराने निवडायचं काय? नागरी हक्कांच्या 1964 आणि 1965 च्या कायद्यांनंतर दक्षिणेतले गोरे मतदार हळूहळू डेमोक्रॅटिक पक्षाकडून रिपब्लिकन पक्षाकडे गेले आणि दोन्ही पक्ष आतून एकजिनसी होत गेले. पैशाच्या कायद्यांवर याचा परिणाम दोन मतदानांत दिसतो. 2002 चं विधेयक सिनेटमध्ये 60 विरुद्ध 40 मतांनी मंजूर झालं तेव्हा 11 रिपब्लिकन सदस्य बाजूने होते. सप्टेंबर 2010 मध्ये बाहेरच्या गटांनी देणगीदारांची नावं सांगावीत ही मुख्य मागणी असलेलं विधेयक 59 विरुद्ध 39 वर अडलं. चर्चा संपवायला 60 मतं लागतात. एक मत कमी पडलं, आणि रिपब्लिकन बाजूने एकही आलं नाही. आठ वर्षांत अकराचे शून्य.

न्यायालयातही तेच झालं. 2010 च्या निकालाविरुद्ध सुमारे 90 पानांचं भिन्नमत लिहिणारे न्यायमूर्ती रिपब्लिकन अध्यक्षांनीच नेमलेले होते. त्याच उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. तेव्हापासून या विषयावरची रेघ आणि नेमणूक करणाऱ्या अध्यक्षाच्या पक्षाची रेघ एकच झाली आहे.

बहुतेक मतदारसंघ एका पक्षाचे बालेकिल्ले झाल्यामुळे खरी लढत प्राथमिक निवडणुकीत होते, आणि तिथे थोडे मतदार असल्याने पैशाचं वजन जास्त पडतं. 2024 मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका विद्यमान प्रतिनिधीला त्याच्याच पक्षात हरवण्यासाठी एका बाहेरच्या गटाने 1 कोटी 40 लाख डॉलरच्या आसपास खर्च केले, आणि तो हरला. 2025 मध्ये विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या एका जागेच्या निवडणुकीचा एकूण खर्च 10 कोटी डॉलरच्या पुढे गेला. कागदोपत्री ती निवडणूक पक्षविरहित असते.

राहिला तो आयोग. सहापैकी एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त आयुक्त नकोत आणि कोणत्याही कारवाईला चार मतं हवीत, ही रचना 1970 च्या दशकात निःपक्षपातीपणाची हमी म्हणून केली होती. पक्ष एकमेकांपासून दुरावले तसा तोच नियम तीन-तीनच्या तिढ्याचा झाला. लाल चौकटीबद्दलच्या तक्रारींसारख्या किती तरी तक्रारी त्या तिढ्यात बंद झाल्या. मे 2025 च्या सुरुवातीला आयोगात तीनच आयुक्त उरले, आणि तक्रारींवर निर्णय घ्यायला लागणारी गणसंख्याच गेली.