गणपतीची गर्दी आणि सर्व्हरचा लोड

कोकणात गर्दी पंचांग बघून येते. शिमगा, आंब्याचा हंगाम, मे महिना, गणपती. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर धावू लागली, २००२ साली रेल्वेचं तिकीट ऑनलाइन मिळू लागलं आणि खिडकीवरची रांग हळूहळू स्क्रीनवर आली. आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे सकाळी आठची झुंबड कोणत्या दिवशी उडणार, हे कॅलेंडरवर बोट ठेवून सांगता येतं. तारकर्लीच्या होमस्टेची किंवा देवगडच्या बागायतदाराची छोटी वेबसाइटही अशाच ठरलेल्या लाटांवर चालते. तरी नेमक्या त्याच दिवशी ती आडवी होते, आणि मोठा सर्व्हर घ्या असा सल्ला मिळतो. बहुतेकदा तो पैसे वाया घालवणारा असतो.

अपाची हा वेब सर्व्हर १९९५ सालचा. त्याची जुनी पद्धत अशी, की प्रत्येक जोडणीमागे एक अख्खी प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅमची स्वतंत्र प्रत. पुढे पीएचपी (पान तयार करणारी प्रोग्रॅमिंगची भाषा) त्याच्याच पोटात बसवायची चाल पडली आणि साधं चित्र पाठवणारी प्रोसेससुद्धा जड झाली. एकीला ४० एमबी धरले तर डिफॉल्ट २५६ प्रोसेसना १० जीबी रॅम लागते; मशीन असतं २ जीबीचं. मग स्वॅप (रॅममध्ये न मावणारं डिस्कवर टाकणं) सुरू होतो आणि सगळंच रांगायला लागतं. त्यात कीप-अलाइव्ह. पान उतरवून झाल्यावरही जोडणी जुन्या आवृत्त्यांत १५ सेकंद धरून ठेवली जायची (२.४ मध्ये ५). जेवण आटोपल्यावरही पाटावर बसून राहिलेल्या पाहुण्यासारखं! घाटाखाली जेमतेम रेंज मिळणारा फोन तर एकेक पान अर्धा मिनिट ओढत राहतो, आणि तेवढा वेळ ती प्रोसेस अडकते.

एका मशीनवर एकाच वेळी दहा हजार जोडण्या कशा सांभाळायच्या, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ साली मांडला. लिनक्स २.६ मध्ये ईपोल (हजारो जोडण्यांवर एकदम नजर ठेवण्याची सोय) आलं आणि ऑक्टोबर २००४ मध्ये इगोर सिसोएव यांचा एंजिनएक्स हा वेब सर्व्हर. यात साधारण प्रोसेसरच्या एका कोरला एक वर्कर प्रोसेस आणि त्याच्याकडे हजारो जोडण्या. ताटकळणं स्वस्त झालं. पीएचपीचं काम मात्र तितकंच महाग राहिलं. ते एफपीएम या फक्त पीएचपी चालवणाऱ्या प्रोसेसच्या वेगळ्या तुकडीकडे गेलं. २०१० साली ती पीएचपी ५.३.३ मध्ये अधिकृतपणे आली.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या याच तुकडीच्या आकड्यात. २ जीबी रॅममधून सिस्टिमला ३००, मायएसक्यूएल या डेटाबेसला ५०० आणि हाताशी २०० एमबी सोडले, तर उरतात सुमारे १,०००. एका पीएचपी प्रोसेसला ६० एमबी धरले तर मॅक्स चिल्ड्रन, म्हणजे एका वेळी चालणाऱ्या पीएचपी प्रोसेसची कमाल संख्या, १६. लोक घाबरून ५० टाकतात. दोन कोरवर पन्नास पानं एकदम शिजायला घातली की एकही वेळेवर शिजत नाही. समोरचा कंटाळून रिफ्रेश करतो. जुनी विनंती मात्र आत बहुधा तशीच चालू राहते. अशी एका माणसाची तीन कामं होतात.

टॉप या कमांडमध्ये दिसणारा लोड ॲव्हरेज (चालू आणि वाट पाहणाऱ्या प्रोसेसची सरासरी संख्या) १९७३ च्या टेनेक्स सिस्टिमपासून ओळखीचा आहे. १९९३ पासून लिनक्स त्यात डिस्कसाठी खोळंबलेल्या प्रोसेसही धरतं, म्हणून दोन कोरवर १२ चा लोड म्हणजे प्रोसेसरच दमलाय असं नाही. टॉपमधलेच प्रोसेसरचे आकडे बघा: यूएस (प्रोग्रॅम चालवण्यात गेलेला वेळ) वर असेल तर कोड किंवा क्वेरी तपासा, डब्ल्यूए (डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ) वर असेल तर डिस्क आणि स्वॅप. एसटी (हिरावला गेलेला वेळ) वर असेल तर मशीन आभासी आहे आणि प्रोसेसरचा तुमचा वाटा दुसरीकडे जातोय किंवा संपलाय. ॲमेझॉनने २०१४ साली आणलेल्या टी२ या भाड्याच्या आभासी मशीनवर क्रेडिटचा, म्हणजे साठवलेल्या प्रोसेसर-वेळेचा, हिशेब चालतो; टी२ मायक्रोचं क्रेडिट संपलं की कोरचा १० टक्केच भाग मिळतो. सकाळी सुसाट, दुपारी ठप्प, याचं कारण अनेकदा एवढंच.

कॅशचा, म्हणजे एकदा तयार झालेलं साठवून पुन्हा तेच देण्याचा, मार्ग जुना आहे. मेमकॅश्ड २००३ साली ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी लाइव्हजर्नलसाठी लिहिलं, व्हार्निश २००६ चं. छोट्या साइटला एंजिनएक्सची दहा सेकंदांची कॅशही पुरते: सेकंदाला ५० जण तेच पान मागत असतील तर ५०० विनंत्यांमागे पीएचपी एकदाच चालतं. मुदत संपताच सगळे एकदम आत घुसू नयेत म्हणून कॅश लॉक (एकाच विनंतीला आत सोडून बाकीच्यांना थांबवणं) लावायचं आणि नवं पान तयार होईपर्यंत जुनं द्यायचं. खोल्यांची उपलब्धता आणि आंब्याच्या पेट्यांची कार्ट यातून वगळायची, नाहीतर एकच खोली दोघांना जाते. दोन गोष्टी ही कॅश गुपचूप निकामी करतात. प्रत्येक पानावर कुकी (ब्राउझरमध्ये ठेवली जाणारी खूण) ठेवणारं प्लगइन, ही पहिली. दुसरी, फेसबुकच्या दुव्यांना चिकटणारं एफबीसीएलआयडी हे क्लिकचं ओळखचिन्ह: ते प्रत्येक क्लिकला वेगळं असल्याने सर्व्हरला प्रत्येक पत्ता नवा वाटतो. कॅशच्या किल्लीतून, म्हणजे साठवलेलं पान ज्या नावाने शोधलं जातं त्यातून, ते काढून टाकावं.

मर्यादा ओलांडणाऱ्याला थोपवण्यासाठी सर्व्हरच्या उत्तराचा ४२९ हा कोड २०१२ साली ठरला. पण आपल्याकडे मोबाइलवर एकाच आयपीमागे शेकडो ग्राहक असू शकतात, त्यामुळे आयपीनिहाय मर्यादा सैल ठेवावी. कडक मर्यादा फक्त लॉगिन आणि शोध या पानांना.

आणि आठ वाजून पाच मिनिटांनी पीएचपी रीस्टार्ट करू नये. ओपीकॅश (कंपाइल केलेला पीएचपी कोड साठवणारी जागा) रिकामं होतं, सगळ्या फायली नव्याने कंपाइल होऊ लागतात, आणि तेही बाहेर रांग लागलेली असताना.