सीपीआर: उत्तर पाठ, हात कच्चे

एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला सीपीआरचे, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून आणि त्याला श्वास देऊन जीव वाचवण्याच्या तंत्राचे, प्रमाण विचारले, की '30:2' (30 दाब, 2 श्वास) हे उत्तर लगेच येते. त्यालाच मॅनिकिनशेजारी, म्हणजे सरावाच्या बाहुलीशेजारी, गुडघ्यांवर बसवले, की कोपरे वाकतात, दाब उथळ पडतो आणि दुसऱ्या मिनिटाला दमछाक होते.

खरे तर हे तंत्र आणि त्याच्या सरावाचे साधन एकाच वर्षी, 1960 मध्ये आले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डिफिब्रिलेटरची (हृदयाला विजेचा शॉक देणाऱ्या यंत्राची) पॅडल्स कुत्र्याच्या छातीवर जोरात टेकवली, की शॉक देण्याआधीच रक्तदाब चढतो, हे गाय निकरबॉकर यांच्या लक्षात आले. त्यातून कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता हृदयाला दाब देण्याची पद्धत मांडली. तोंडाने श्वास देण्याचे काम जेम्स एलम आणि पीटर सफर यांनी त्याआधीच सिद्ध केले होते. नॉर्वेतील खेळणी बनवणारे आस्मुंड लेर्डाल यांनी त्याच सुमारास 'रिसस्सी अ‍ॅन' ही सरावाची बाहुली आणली. 1966 च्या अमेरिकी परिषदेने डॉक्टर-नर्सना हे शिकवण्याची शिफारस केली आणि 1974 च्या मानकांनी सामान्य माणसालाही त्यात घेतले.

पुढे आकडे बदलत गेले. प्रौढांसाठीचे 15:2 हे प्रमाण 2005 मध्ये 30:2 झाले. कारण स्पष्ट होते: दाबणे थांबले की हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांमधला दाब झपाट्याने पडतो आणि तो पुन्हा उभा राहायला बरेच दाब खर्ची पडतात. 2010 मध्ये क्रम ए-बी-सी (श्वासमार्ग, श्वास, छाती दाबणे) ऐवजी सी-ए-बी, म्हणजे आधी छाती दाबणे, असा झाला. 2015 मध्ये वरची मर्यादाही आली: मिनिटाला 100 ते 120 दाब, खोली 5 ते 6 सेंमी. त्यामुळे विद्यार्थ्यांची अनेक 'चुकीची' उत्तरे म्हणजे जुन्या आवृत्तीतली बरोबर उत्तरे असतात. लहान मुलांसाठी दोन जण असतील तर 15:2 आजही बरोबर आहे, त्याने गोंधळ आणखी वाढतो.

आपल्याकडे हा विषय भूलशास्त्र विभागाकडे राहिला आणि त्या विभागाची पोस्टिंग शस्त्रक्रियेच्या पोटात, तीही छोटी. ओटीत इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणे) पाहायला मिळते. छाती दाबायची वेळ सहसा येत नाही. 2017 मध्ये इंडियन रिससिटेशन कौन्सिलने भारतीय मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यातील सामान्यांसाठीच्या 'कोल्स' (कॉम्प्रेशन ओन्ली लाइफ सपोर्ट) या पद्धतीमध्ये तोंडाने श्वास देणे वगळून फक्त छाती दाबणे ठेवले. 2019 च्या एमबीबीएसच्या क्षमताधारित अभ्यासक्रमाने प्रवेशानंतरच्या फाउंडेशन कोर्समध्येच प्रथमोपचार आणि बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे सीपीआरसह जीव वाचवण्याचे प्राथमिक उपाय) आणले. ही मोठी सुधारणा आहे, पण पहिल्या वर्षी शिकलेले इंटर्नशिपपर्यंत टिकत नाही. सरावाविना हे कौशल्य काही महिन्यांतच ओसरते.

लेखी परीक्षेत न दिसणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. पहिली ओळखण्याची: बेशुद्ध रुग्णाचे अधूनमधून येणारे आचके श्वास समजले जातात आणि सीपीआर सुरूच होत नाही. नाडी शोधण्यात 10 सेकंदांहून जास्त वेळ जातो. त्यानंतरची सर्वांत दुर्लक्षित चूक म्हणजे दाबून झाल्यावर छातीवर रेलून राहणे. छाती पूर्ण वर आली नाही तर हृदयात रक्त परत भरत नाही आणि पुढचा दाब फुकट जातो. हाताचा तळवा उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) खालच्या अर्ध्या भागावर, खांदे थेट हातांवर, कोपरे ताठ, आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. अ‍ॅम्बू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) पूर्ण पिळण्याची सवयही घातक आहे. छाती उचललेली दिसेल एवढीच हवा, एका सेकंदात. जास्त हवेने छातीतला दाब वाढतो, रक्ताचा परतीचा ओघ घटतो आणि पोट फुगून उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो.

यातले खोली, वेग आणि रिकॉइल (दाबानंतर छाती पूर्ण वर येणे) परीक्षकाच्या नजरेला नीट कळत नाहीत. ते मोजून दाखवणारे मॅनिकिन हवे. दर तीन-चार महिन्यांनी वॉर्डातच दहा मिनिटे असा सराव घेतला, तर तो वर्षातून एकदाच्या दिवसभराच्या कार्यशाळेपेक्षा जास्त टिकतो. इंटर्नशिप सुरू होताना पुन्हा एकदा हात तपासलेच पाहिजेत, कारण रात्रपाळीत खाटेजवळ सर्वांत आधी पोहोचणारा डॉक्टर बहुधा इंटर्नच असतो.