पडीक जागा साफ करायचीय? आधी मुळं बघा, मग कुदळ घ्या
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मावळ-मुळशीकडे प्लॉट घेऊन ठेवला, चार पावसाळे कोणी फिरकलं नाही आणि आता तिथे भाजी लावायचीय, असं सांगत बरेच जण दुकानात येतात. मागणी बहुधा एकच असते, "सगळी हत्यारं द्या." सगळी लागत नाहीत. एक-दोन गुंठ्यांना एक चांगली कुदळ, एक फावडं, एक कोयता आणि घमेलं एवढ्यावर बरंचसं काम उरकतं. (गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. सातबाऱ्यावर हा आकडा किरकोळ वाटतो, खणायला घेतला की कळतो.) बाकी काय घ्यायचं ते वर काय माजलंय आणि खाली माती कसली आहे यावर ठरतं. तेव्हा खरेदीला येण्याआधी जागेवर एक चक्कर मारा, दोन-तीन प्रकारचं तण मुळासकट उपटा आणि फोटो काढून आणा. फोटो पानांचा नको, मुळांचा हवा.

घाणेरी

टणटणी म्हणा की घाणेरी, पडीक जागेची ही पहिली मालकीण. बहुतेक जण ती कोयत्याने वरच्या वर सपासप छाटतात आणि जागा मोकळी झाली म्हणून घरी जातात. जून उजाडला की त्याच खुंटांना आधीपेक्षा दाट फुटवे येतात. कारण फुटवे येतात ते खोड आणि मूळ जिथे जुळतं त्या सांध्यातून, आणि तो सांधा तर तुम्ही शाबूत ठेवलेला असतो.

कोयता वापरायचा तो फक्त बुंध्यापर्यंत वाट काढायला. मग कुदळीच्या पात्याने मुख्य मूळ जमिनीच्या 3 ते 5 सेंटीमीटर खाली तोडायचं आणि अख्खं झुडूप उलटं करून, मुळं वर ठेवून, वाळत टाकायचं. सगळी मुळं खणून काढायची गरज नाही, सांधा निघाला की पुरे. यासाठी रुंद पात्याची कुदळ घ्या. फावड्याने हे काम करू नका, पत्र्याचा कोपरा दुमडतो. पुढच्या पावसात झाडांखाली घाणेरीची रोपं दिसतीलच, कारण पक्षी फळं खाऊन बी तिथेच टाकतात. ती कोवळी असतानाच हाताने उपटा.

गाजर गवत

याला हत्यार विकत घेऊ नका, हातमोजे घ्या. पाऊस पडून माती मऊ झाली की, पांढरी फुलं यायच्या आत, हाताने ओढलं तरी मुळासकट येतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, कारण कित्येकांच्या अंगावर याने पुरळ उठतं आणि एकदा सुरू झालेली खाज दरवर्षी परतते. 1956 साली या गवताची भारतातली नोंद झाली तीही पुण्यातूनच, त्यामुळे आपल्या भागात ते नाही असा प्लॉट शोधावा लागेल.

हरळी आणि लव्हाळा

कमी उंचीचं आहे म्हणून लोक याला हलक्यात घेतात. आमचं उलट मत आहे. घाणेरी दिसायला भयंकर, पण दोन रविवारांत निघते. हरळी आणि लव्हाळा वर्षानुवर्षं छळतात, आणि चुकीचं हत्यार वापरलं तर वाढतात.

हरळीच्या प्रत्येक पेरातून नवीन हरळी फुटते. फावड्याने सपासप कापत गेलात तर एका दोरीचे दहा तुकडे होतात आणि ते दहाही रुजतात. भाड्याचा पॉवर टिलर फिरवला तर तुकडे सगळ्या प्लॉटभर पसरतात. वरून माती मस्त भुसभुशीत दिसते, म्हणून गिऱ्हाईक खूश असतं, महिनाभरच. हरळी कापायची नाही, उकरायची. कुदळीने खालून ढेकूळ उचला, उलटं करून मार्च ते मे उन्हात पडू द्या, मग ढेकूळ फोडून, झटकून दोऱ्या वेचा. वेचायला दाताळं लागतं. माती मऊ असेल तर चार दातांचा काटा, ज्याला नर्सरीवाले फोर्क म्हणतात, तो कुदळीपेक्षा बरा, कारण तो मुळं न तोडता वर काढतो. मात्र मुरमात घालाल तर त्याचे दात वाकतील. असे वाकलेले काटे आम्ही परत घेत नाही.

लव्हाळ्याचं प्रकरण जमिनीखाली आहे. खुरप्याने एक रोप सावकाश, न ओढता मोकळं करून बघा. पातीच्या बुडाशी एक गाठ दिसेल, तिच्यातून निघालेली बारीक तार, तारेच्या टोकाला दुसरी काळसर गाठ, पुढे परत तार, परत गाठ. गाठ ठेचली तर सुवास येतो. नागरमोथ्याच्या जातीचंच हे पीक. वरची पात उपटली की तार तुटते आणि खाली झोपलेल्या गाठी एकेक करून जाग्या होतात. म्हणून नुसतं खुरपत राहिलात तर तुम्ही लव्हाळ्याची मशागत करताय. या एका तणावर सरकारी शेतकी खात्याने 1925 साली नव्वदेक पानांचा प्रबंध छापला होता, यावरून काय ते समजा.

बहुतेक गाठी वरच्या वीतभर मातीत असतात. अरुंद पात्याच्या कुदळीने वीतभर खोल खणा, माती उलटी करा आणि कडक उन्हात वाळू द्या. गाठ पूर्ण सुकली की मरते. सावलीत किंवा ओलीत राहिलेली गाठ मात्र मरत नाही, त्यामुळे वेचलेल्या गाठी कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. एका उन्हाळ्यात संपेल असं आम्ही सांगणार नाही.

माती

काळी माती ओली असताना हत्याराला चिकटते आणि सुकली की दगड होते. दोन्ही वेळेला खणणं म्हणजे फुकटची मेहनत. पाणी देऊन थांबा आणि वाफसा आला की खणा. मूठभर माती दाबून सोडल्यावर गोळा सहज फुटला तर वाफसा आलाय.

तांबड्या मुरमाड जागेत वरच्या थराखाली कुदळ टणटण वाजायला लागते. तिथे टिकाव हवा, एक टोक अणकुचीदार आणि दुसरं चपटं असलेला. दगड उचकटायला पहार. पहार घेताना उगाच दणकट बघू नका. 25 मिलिमीटर जाडीची, 5 फुटी गोल पहार जवळपास पावणेसहा किलो भरते, 30 मिलिमीटरची सव्वाआठ किलोच्या पुढे जाते. दिवसभर उचलायची ती पहार तुम्हाला, आम्हाला नाही. सवय नसलेल्याने पहिलीच घ्यावी. जागेत मोठा दगड एखादाच असेल तर शेजारच्या गावकऱ्याकडून मागून आणा, लोक देतात.

घेताना काय बघाल

कुदळीचं पातं दोरीला टांगून हातोडीने हलकेच वाजवा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द वाजलं तर कुठेतरी चीर आहे. नेढ्यात, म्हणजे दांडा बसतो त्या भोकात, आतून बोट फिरवा, वेल्डिंगचा जोड लागला तर ती कुदळ मुरमाला चालणार नाही. धारेवर कानस घासून बघा. कानस नुसती घसरत असेल तर पाणी (तापवून विझवताना लोखंडाला येणारा कडकपणा) जास्त बसलंय, दगडावर टवका उडेल. लोण्यासारखं खात असेल तर धार दुपारपर्यंत टिकणार नाही. दुकानात हे करून बघायला आमची हरकत नाही. ज्याची असेल त्याच्याकडून घेऊ नका.

दांडा बाभळीच्या किंवा धामणीच्या लाकडाचा. बाभूळ टिकाऊ, धामण लवचिक, त्यामुळे हाताला हिसका कमी बसतो. रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ जायला हव्यात, मध्येच बाहेर पळणारी रेष दिसली की तिथेच दांडा मोडणार. रंग दिलेला दांडा नको, रंगाखाली गाठ लपते. फावड्याचा दांडा जमिनीवर उभा धरल्यावर निदान बेंबीपर्यंत यावा. बाजारात सर्रास मिळणारा आखूड दांडा उंच माणसाची कंबर मोडतो, सांगितलंत तर आम्ही लांब बसवून देतो. लोखंडी पाइपचा दांडा स्वस्त पडतो, पण मे महिन्यात बारानंतर तो हातात धरून दाखवा.

कोयता शक्यतो ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून घडवलेला घ्या. दिसायला ओबडधोबड, पण वाकत नाही.

साप आणि झाडं

पडीक जागेत नाग, घोणस, मण्यार, फुरसं यांपैकी कोणीही असू शकतं. गमबूट घाला, काठी आपटत कडेपासून आत या, दगड आणि पालापाचोळ्याचा ढीग आधी पहारीने किंवा दाताळ्याने हलवा, हाताने नाही. दंश झालाच तर कापाकापी, चोखणं, घट्ट आवळून बांधणं काही करू नका. 108 ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठा.

झुडूप आणि झाड यात फरक करा. शहराच्या हद्दीत झाड तोडायला 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, मग जागा तुमची स्वतःची असली तरीही. गावात झाड पाडायचं असेल तर आधी तलाठ्याकडे किंवा वन खात्याकडे विचारा.

धार आणि दुरुस्ती

कुदळीचं टोक झिजलं की ग्राइंडरवर घासू नका, तापून पाणी उतरतं. भट्टीवर शेवटून, म्हणजे तापवून ठोकून, घ्या, टोक पुन्हा लांबतं आणि पाणीही नव्याने बसतं. आमच्याकडून घेतलेल्या हत्याराचं पहिलं शेवटणं आम्ही मोफत करतो. दांडा सैल वाटला तर रात्रभर पाण्यात घालून ठेवायचा सल्ला ऐकू नका, सुकला की पुन्हा हलतो. पाचर ठोकून न्या, दहा मिनिटांचं काम आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात भट्टीवर शेतकऱ्यांची गर्दी असते आणि पेरणीची अवजारं आम्ही आधी घेतो, तेव्हा तुमची कुदळ त्याआधी आणून टाका.