कवटी, मेंदू आणि मेरुरज्जू

मध्यवर्ती तंत्रिका तंत्राचे दोन भाग म्हणजे मेंदू आणि मेरुरज्जू. मेंदू कवटीच्या पोकळीत असतो, मेरुरज्जू पाठीच्या कण्यातील नळीत. कवटीच्या तळाशी महारंध्र नावाचे मोठे छिद्र आहे आणि तिथे या दोन्ही पोकळ्या एकमेकींना मिळतात. मेंदू कुठे संपला आणि रज्जू कुठे सुरू झाला हे दाखवणारी रेघ शरीरात नसते, ती शिकवण्याच्या सोयीसाठी ओढलेली आहे. या रचनेबद्दल एक गोष्ट आधी ध्यानात घ्यायला हवी: प्रौढ माणसाची हाडांची ही पेटी ताणली जात नाही. तिच्यामुळे मेंदू सुरक्षित राहतो, आणि आत सूज किंवा रक्तस्राव झाला तर तिच्यामुळेच तो चेपला जातो.

मराठीत या विषयावर बोलताना ‘मज्जा’ शब्दाने घोटाळा होतो. मज्जासंस्था म्हणजे मेंदू व नसांची यंत्रणा. अस्थिमज्जा म्हणजे हाडांच्या पोकळीतील रक्तपेशी तयार करणारा मऊ भाग. दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही. या नोंदीत म्हणून मेरुरज्जू हाच शब्द वापरला आहे.

कवटी

कवटीत २२ हाडे असतात: मेंदूभोवती ८ आणि चेहऱ्याची १४. कानातील इवली हाडे यांत धरत नाहीत. खालचा जबडा सोडला तर बाकीची हाडे हलत नाहीत, कारण ती करवतीच्या दातांसारख्या कडांनी एकमेकांत गुंतलेली असतात. या जोडांना शिवणी म्हणतात. एक शिवण कपाळामागून आडवी जाते, दुसरी माथ्यावरून उभी आणि तिसरी डोक्याच्या मागच्या बाजूला. पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात किंवा वानवडीच्या एएफएमसीत (सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात) पहिल्या वर्षाला आलेल्या विद्यार्थ्याची शरीररचनेशी ओळख बहुधा ‘बोनसेट’मधून, म्हणजे अभ्यासासाठीच्या हाडांच्या संचातूनच होते. कवटी हातात घ्यायची आणि वरून, मागून, समोरून, बाजूने, खालून अशी पाचही बाजूंनी वाचायची, ही शिकण्याची जुनी पद्धत आहे. चित्रावरून शिकलेली कवटी आणि हातात फिरवून पाहिलेली कवटी यांत फार फरक असतो. खालच्या बाजूची छिद्रे बोटाने चाचपल्याशिवाय कोणती नस कुठून बाहेर पडते हे मनात बसत नाही.

नवजात बाळाच्या कवटीची हाडे जुळलेली नसतात. जन्माच्या वेळी ती थोडी एकमेकांवर सरकतात, म्हणून डोके बाहेर येऊ शकते. पुढे मेंदू झपाट्याने वाढतो, त्यालाही जागा मिळते. हाडांच्या मधली पडद्याने झाकलेली मोकळी जागा म्हणजे टाळू. (तोंडातल्या वरच्या भागालाही मराठीत टाळूच म्हणतात.) मागची टाळू दोन-तीन महिन्यांत भरते, पुढची साधारण दीड वर्षापर्यंत. घरोघरी तेल घालून ‘टाळू भरण्याची’ रीत आहे. हाड तेलाने भरत नाही, ते आपले आपण वाढते. पण या रीतीमुळे घरातल्या आजीचा हात रोज त्या जागेवर फिरतो आणि त्याला मोल आहे. जुलाब-उलट्यांनी बाळाच्या अंगातले पाणी कमी झाले की टाळू खोल जाते, आणि मेंदूज्वरात ती फुगून वर येऊ शकते. दोन्ही वेळा लगेच डॉक्टरांकडे जायला हवे.

सांगाड्याच्या अभ्यासातही ही न जुळलेली हाडे महत्त्वाची ठरतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन रांजणांत पुरलेली लहान मुले सापडली. इतक्या कोवळ्या वयाची कवटी जमिनीत एकसंध राहणे कठीण, तिची हाडे सुटी होतात. म्हणून मुलांचे वय ठरवताना दातांची वाढ अधिक भरवशाची मानतात.

कवटी सगळीकडे सारखी जाड नसते. सर्वांत नाजूक जागा कानशिलाची. तिथे चार हाडे एकत्र येतात, हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूला लागून एक धमनी जाते. कानशिलावर मार बसून हाड तडकले आणि ही धमनी फाटली की हाड व मेंदूचे बाह्य आवरण यांच्यामध्ये रक्त साठू लागते. यातली भयंकर गोष्ट अशी की पडलेला माणूस कधीकधी शुद्धीवर येतो, बोलतो, ‘काही नाही झालं’ म्हणून घरी जातो. आत रक्त साठत असते, पेटी ताणत नाही, आणि काही तासांत मेंदू दाबला जाऊन तो बेशुद्ध होतो. डोक्याला मार लागल्यावर वाढती डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, गुंगी, किंवा एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी दिसणे, यांतले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. बाहुली मोठी होते कारण खाली ढकललेला मेंदू डोळ्याकडे जाणारी तिसरी मस्तिष्क तंत्रिका (मेंदूतून निघणारी नस) दाबतो.

दुचाकींच्या पुण्यात या परिच्छेदाला फार अर्थ आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार दुचाकीवर हेल्मेट बंधनकारक आहे. शहरात सक्तीला वेळोवेळी विरोध झाला, २०१९ च्या जानेवारीत तो रस्त्यावरही दिसला. सक्ती कशी राबवावी याबद्दल मतभेद असू शकतात. हेल्मेट काय करते याबद्दल मात्र शरीररचना स्पष्ट आहे. बाहेरचे कठीण कवच धक्का मोठ्या क्षेत्रावर पसरवते. आतला थर्माकोलसारखा थर चेपतो, त्यामुळे डोके एकदम थांबण्याऐवजी किंचित सावकाश थांबते. तो थर एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही, म्हणून जोरात आपटलेले हेल्मेट वरून ठीक दिसले तरी बदलावे. हनुवटीचा पट्टा न लावलेले हेल्मेट पडताना डोक्यावर राहीलच असे नाही.

आवरणे आणि द्रव

हाडाच्या आत तीन आवरणे असतात. बाहेरचे चिवट, मधले कोळ्याच्या जाळ्यासारखे, आणि आतले मेंदूला अगदी चिकटलेले तलम. मधल्या व आतल्या आवरणांमध्ये मस्तिष्क-मेरुद्रव खेळतो. प्रौढाच्या शरीरात तो एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो, पण दिवसाला जवळपास ५०० मिलिलिटर नव्याने तयार होतो आणि तेवढाच रक्तात परत शोषला जातो. हा द्रव मेंदूला तरंगता ठेवतो. सुमारे १४०० ग्रॅमचा मेंदू त्यात अवघ्या ५० ग्रॅमच्या आसपास भरतो. फॉर्मेलिनमध्ये ठेवलेला मेंदू घट्ट असतो, त्यावरून जिवंत मेंदूचा अंदाज येत नाही. तो खरवसासारखा मऊ असतो आणि नुसता हाडावर टेकला असता तर स्वतःच्या वजनानेच दबला असता.

द्रवाची वाट अडली की दाब वाढतो. बाळाच्या शिवणी सुट्या असल्याने त्याचे डोके मोठे होत जाते. या विकाराला जलशीर्ष म्हणतात. प्रौढाची कवटी वाढू शकत नाही, म्हणून त्याला डोकेदुखी, उलट्या, अंधारी यांचा त्रास होतो. पेटीत मेंदू, रक्त आणि द्रव या तिघांनाच जागा आहे, एक वाढला की दुसऱ्याला आकसावे लागते. हे तत्त्व स्कॉटलंडच्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये मांडले. मेंदूच्या शस्त्रक्रियेत आजही त्यावरच विचार होतो.

मेंदू

मेंदूचे तीन ठळक भाग: मोठा मेंदू, लहान मेंदू आणि मस्तिष्क स्तंभ. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला हा अवयव विश्रांतीतही शरीराच्या ऊर्जेचा जवळपास पाचवा हिस्सा वापरतो. मोठ्या मेंदूचे दोन गोलार्ध असतात आणि प्रत्येकाचे चार खंड. ललाट खंडात हालचाल व नियोजन, पार्श्व खंडात स्पर्श, शंख खंडात ऐकणे व स्मृती, पश्चकपाल खंडात दृष्टी, अशी ढोबळ वाटणी सांगतात. ती पाठ करायला सोपी आहे, पण कोणतेही खरे काम एका खंडात पुरे होत नाही. लहान मेंदू तोल आणि हालचालींतला मेळ सांभाळतो.

फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये वाचा गेलेल्या एका रुग्णाच्या मेंदूत डाव्या ललाट खंडात बिघाड दाखवला. बहुतेक माणसांत बोलण्याचे केंद्र डावीकडे असते. शिवाय हालचालीचे बहुतेक तंतू मस्तिष्क स्तंभाच्या तळाशी, लंबमज्जेत, बाजू बदलतात. म्हणून उजवा हात-पाय लुळा पडून बोलणेही गेले, तर बिघाड बहुधा डाव्या मेंदूत असतो. गुठळीने आलेल्या अर्धांगवायूत गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांत देता येते. मालिश किंवा घरगुती उपायांत गेलेला वेळ इथे परत मिळत नाही.

लंबमज्जा बोटभर लांबही नसते, पण श्वास आणि हृदयाचे ठोके यांचे नियंत्रण तिथे आहे. वरून दाबला गेलेला मेंदू महारंध्राकडे सरकला की लंबमज्जा चेपते. कवटीतला दाब जीव घेतो तो याच मार्गाने.

मेरुरज्जू

महारंध्राखाली करंगळीएवढ्या जाडीचा, सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा रज्जू सुरू होतो. मेंदूत करडा भाग (मुख्यतः पेशींचा) बाहेरच्या थरात असतो, इथे उलट: करडा आत फुलपाखराच्या आकारात, पांढरा (तंतूंचा) बाहेर. दोन्ही बाजूंनी मिळून तंत्रिकांच्या ३१ जोड्या निघतात. मागच्या मुळांतून संवेदना आत येतात, पुढच्या मुळांतून हालचालीचे आदेश बाहेर जातात. श्वासपटलाला हलवणारी तंत्रिका मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या जोडीतून येते. त्या पातळीच्या वर रज्जूला इजा झाली तर माणूस स्वतःहून श्वास घेऊ शकत नाही. अपघातात मान दुखावल्याची शंका असेल तर जखमीला बखोटीला धरून उचलू नये, रिक्षात कोंबू नये. डोके व मान एका रेषेत स्थिर ठेवून १०८ ला फोन करावा.

गर्भाच्या तिसऱ्या महिन्यापर्यंत रज्जू पूर्ण नळी भरून असतो. पुढे कणा रज्जूपेक्षा वेगाने वाढतो, त्यामुळे प्रौढात रज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली नळीत फक्त तंत्रिकांची मुळे लोंबतात. त्यांचा झुबका घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो. लोक ज्याला ‘मणक्यात गॅप’ किंवा ‘गादी सरकली’ म्हणतात, त्यात कमरेच्या खालच्या भागात बहुधा हे एखादे मूळ दाबले जाते आणि चमक पायात उतरते.

‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस अधू होतो’ ही भीती दवाखान्यात हमखास ऐकू येते आणि तिच्यापायी मेंदूज्वराचे निदान लांबते. तपासणीची सुई कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मध्ये घालतात. तिथे रज्जू नसतोच. द्रवात तरंगणारी मुळे सुईपुढून बाजूला सरतात. नंतर काहींचे डोके दुखते, ते द्रव कमी झाल्याने, आणि बहुतेकांचे काही दिवसांत थांबते.

रज्जूच्या टोकापासून एक बारीक तंतू खाली उतरतो आणि माकडहाडाला जाऊन चिकटतो. त्यात आदेश वाहणारे काही नसते, त्याने फक्त रज्जूचे टोक जागच्या जागी धरून ठेवलेले असते.